पट्टा कुणाच्या नावावर?

आज मी एका पट्ट्याबद्दल बोलणार आहे. कमरेचा पट्टा, चामड्याचा, पुढे ताटलीएवढी मोठी चकाकती चकती. अमेरिकेतल्या बायकांच्या व्यावसायिक कुस्तीत जी सगळ्यांत वरचढ, तिच्या कमरेला तो असतो. आपली पोरं टीव्हीवर, आता मोबाइलवर, ती कुस्ती बघत बसतात आणि आपण ओरडतो, ‘बंद करा ती मारामारी.’ मीही ओरडते. पण या पट्ट्याचा इतिहास वाचायला घेतला आणि मारामारी राहिली बाजूला, हिशेबच डोळ्यांत भरला. पट्टा कमरेला कुणाच्या आणि नावावर कुणाच्या? राबायचं कुणी आणि सातबारा कुणाच्या नावावर, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आधी एक खुलासा. ही कुस्ती आपल्या तालमीतल्या कुस्तीसारखी नाही. तिचा निकाल आधीच ठरलेला असतो. आपण त्याला नुरा कुस्ती म्हणतो, तेही नाक मुरडून. तिथे मात्र धंदाच तो आहे आणि आज प्रेक्षकांनाही ते ठाऊक असतं. मग सगळं खोटंच का? आपटणं खरं असतं, मोडलेली हाडं खरी असतात, रोज नव्या गावी जायचा प्रवास खरा असतो. तमाशातल्या वगाचा शेवटही आधी ठरलेला असतो, म्हणून काही नाचणारीचे पाय दुखायचे राहत नाहीत. आपल्या भाषेत कुस्तीचाही फड आणि तमाशाचाही फड. या अमेरिकन कुस्तीला तो शब्द दोन्ही बाजूंनी चपखल बसतो. आणि फड म्हटला की फडमालक आलाच. पट्टा कुणाला द्यायचा ते तो ठरवतो. पट्टा मिळाला की जाहिरातीत नाव मोठं, हातात पैसे जास्त. पट्टा गेला की दोन्ही गेलं.

सुरुवात मिल्ड्रेड बर्कपासून करायला हवी. ती १९१५ साली कॅन्सस राज्यात जन्मली. खाणावळीत गिऱ्हाइकांना वाढायचं काम करायची. नवरा सोडून गेलेला, पदरात लहान मूल. कॅन्सस सिटीत बिली वुल्फ नावाचा पैलवान होता, त्याच्या ती मागे लागली की मला कुस्ती शिकव. पुढची हकिगत तिनेच सांगितलेली आहे. तिला एकदाची पिटाळून लावावी म्हणून वुल्फने एका तरुण पैलवानाला सांगितलं, हिला उचल आणि आपट. पाच फूट दोन इंचांच्या या बाईने त्यालाच उचलून आपटलं.

तो मंदीचा काळ होता. वुल्फ तिला घेऊन जत्रांमधून फिरू लागला. ठरलेल्या वेळात जो हिला चीत करील त्याला इनाम, अशी दवंडी. दोनशेच्या आसपास पुरुषांशी आपण लढलो आणि एकदाच हरलो, असं बर्क सांगायची. १९३७ च्या जानेवारीत चॅटनूगा शहरात तिने क्लारा मॉर्टेन्सनला हरवलं आणि जगज्जेतेपदावर हक्क सांगितला. पुढची सतरा वर्षं बायकांच्या कुस्तीत तिचंच नाव होतं. महायुद्धात पुरुष पैलवान सैन्यात गेले, तेव्हा बायकांच्या कुस्त्यांना तुफान गर्दी झाली. बर्क हिऱ्यांच्या अंगठ्या घालायची, फरचे कोट घालायची, खड्यांनी मढवलेला झगा घालून रिंगमध्ये यायची.

वुल्फशी तिचं लग्न झालं होतं. त्याच्या फडात हळूहळू डझनावारी बायका आल्या. त्यांत बॅब्ज विंगो आणि एथेल जॉन्सन यांच्यासारख्या काळ्या मुलीही होत्या, आणि हा काळ असा की दक्षिणेकडे काळ्या प्रेक्षकांना वेगळं बसवायचे. या सगळ्या बायकांच्या कुस्त्या लावायचा वुल्फ, गल्ल्यावर हात वुल्फचा, आणि फडातल्या मुलींशी त्याचे संबंध हेही उघड गुपित. त्याने मारहाण केल्याचं बर्कने पुढे सांगितलं आहे. म्हणजे जगातली सगळ्यांत ताकदवान म्हणून जिची जाहिरात व्हायची, ती घरी मार खात होती. हे ऐकून आपल्यापैकी कुणी दचकलं असेल असं मला वाटत नाही.

१९५२ साली दोघांचं फाटलं. आता धंदा कुणाचा? कुस्त्या भरवणाऱ्या ठेकेदारांची तेव्हा एक संघटना होती, नॅशनल रेसलिंग अलायन्स. गावकीची वाटणी करावी तसे त्यांनी देशाचे भाग वाटून घेतले होते. या संघटनेत बाईला सदस्यत्व नव्हतं. बर्कने वुल्फचा हिस्सा विकत घेतला, त्याने धंद्यातून बाजूला व्हायचं कबूल केलं, आणि झाला मात्र नाही. नवी मंडळी जमवून तो पुन्हा उभा राहिला. ठेकेदार बहुतेक त्याच्याच बाजूचे. ज्या बैठकांत तिच्या पोटापाण्याचा निकाल लागायचा, तिथे जगज्जेतीला बसायला खुर्ची नव्हती.

मग २० ऑगस्ट १९५४ चा दिवस उजाडला. अटलांटा शहर. समोर जून बायर्स, वुल्फची सून. आणि या दिवशी निकाल ठरलेला नव्हता. दोघी खरंच लढल्या. तीन डावांपैकी दोन जिंकील ती विजेती, असा करार. बर्कचा गुडघा दुखावला होता. पहिला डाव तिने गमावला. दुसरा डाव काही केल्या संपेना. तासाभराची झटापट झाल्यावर अधिकाऱ्यांनी कुस्ती थांबवली. बर्कचं म्हणणं, मी दोन डाव हरले कुठे? पट्टा माझाच. पण वर्तमानपत्रांत आणि ठेकेदारांच्या पत्रकांत नवी जगज्जेती म्हणून जून बायर्सचं नाव आलं. बर्कला कुस्त्या मिळेनाशा झाल्या.

इथे थोडं थांबून आपल्याकडचं सांगते, कारण साल तेच आहे. १९५४ मध्ये मुंबईत हमीदा बानू नावाची पैलवान रशियाच्या वेरा चिस्टिलिनशी लढली आणि मिनिटाच्या आत जिंकली. हमीदा पुरुषांशीही लढायची. मला हरवा आणि माझ्याशी लग्न करा, असं तिचं आव्हान होतं. आपल्या कुस्तीवेड्या कोल्हापुरात तिने पुरुष मल्लाला हरवलं तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली, दगड मारले, पोलीस बोलवावे लागले. पुण्यातली तिची एक कुस्ती तिथल्या कुस्ती संघटनेने हरकत घेतली म्हणून रद्द झाली. तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे तक्रार केली. उत्तर आलं, तुम्ही बाई आहात म्हणून कुस्त्यांवर बंदी नाही, समोर नकली मल्ल उभे केले जातात अशा तक्रारी आहेत. पुरुषांच्या नुरा कुस्त्या तेव्हा होत नव्हत्या काय? हमीदा पुढे परदेशी लढायला निघाली, तेव्हा जोडीदाराने तिला इतकं मारलं की जाणं राहिलं ते राहिलंच, असं तिच्या घरच्यांनी पत्रकारांना सांगितलं. शेवटची वर्षं तिने कल्याणमध्ये काढली. दूध विकलं, हात तंग असला की घरी केलेले खायचे जिन्नस रस्त्यावर विकले. बर्क आणि हमीदा यांची भेट कधी झाली नसेल, पण दोघींना एकमेकींची गोष्ट एका वाक्यात कळली असती.

बर्क गप्प बसली नाही. तिने लॉस एंजलिसमध्ये स्वतःची संस्था काढली, वर्ल्ड विमेन्स रेसलिंग असोसिएशन. १९५४ च्या नोव्हेंबरात ती मे यंग आणि इतर काही जणींना घेऊन जपानला गेली आणि तिथे बायकांच्या कुस्तीचं बी पडलं. तिच्या संस्थेचा पट्टा १९७० मध्ये जपानला गेला, तिथे त्याला लाल पट्टा म्हणत. त्या पट्ट्यासाठी लढणाऱ्या मुली शाळकरी पोरींच्या दैवत झाल्या, त्यांची गाणी निघाली. तिथेही फडमालक एका घरातले भाऊच, आणि मुलींना नियम काय, तर दारू नाही, सिगारेट नाही, मुलगा नाही, आणि सव्विशीत निवृत्ती. आपल्याकडच्या सासूलाही लाजवतील असे नियम. ती कंपनी २००५ मध्ये बंद पडली.

आता अमेरिकेत पट्ट्यावर हक्क सांगणाऱ्या एकाहून जास्त झाल्या. आणि इथे येते या सगळ्या इतिहासातली मला सगळ्यांत अवघड वाटणारी बाई.

तिचं खरं नाव मेरी लिलियन एलिसन. जन्म १९२३, दक्षिण कॅरोलिना राज्य. तीही आधी वुल्फच्या फडात होती. त्याची लगट तिने चालू दिली नाही आणि ती तिथून निघाली. दुसऱ्या एका ठेकेदाराने तिला विचारलं, कुस्ती कशाला करतेस? ती म्हणाली, पैशासाठी. त्यासाठी तिने जो बोलीतला शब्द वापरला तोच त्याने तिला नाव म्हणून दिला, मूला. मूला म्हणजे पैसा. १८ सप्टेंबर १९५६ रोजी बाल्टिमोरमध्ये तेरा जणींच्या झुंजीत शेवटी तिने जूडी ग्रेबलला हरवलं आणि जगज्जेती म्हणून ती जाहीर झाली. जून बायर्सही आपणच जगज्जेती म्हणत होती. १९६४ मध्ये बायर्स निवृत्त झाली आणि मग मूलाला वाटेकरीण उरली नाही.

बर्कचं काय झालं ते मूलाने बघितलं होतं. तिने पट्टा कमरेला तर बांधलाच, पण मालकीही स्वतःकडे घेतली. कोलंबिया शहराजवळ मोठी जागा घेतली, तिथे मुलींना कुस्ती शिकवायची शाळा काढली, राहायला घरं बांधली. देशात कुठेही बायकांची कुस्ती लावायची झाली की ठेकेदाराने फोन करायचा मूलाला. शिकवण्याची फी मूलाकडे, खोलीचं भाडं मूलाकडे, आणि कुस्तीच्या प्रत्येक बिदागीतून कापलेला हिस्सा मूलाकडे. तो पाव किंवा त्याहूनही जास्त असायचा, असं तिच्याकडे शिकलेल्या अनेकींनी सांगितलं आहे. पैसे आधी तिच्या हातात जायचे, त्यामुळे मुळात किती ठरले होते ते मुलींना कळायचंच नाही. ठेकेदारांची मर्जी सांभाळायला ती मुलींना पाठवायची, असेही आरोप झाले. तिने ते कधी मान्य केले नाहीत आणि तिच्या बाजूने बोलणाऱ्याही आहेत.

न्यूयॉर्क राज्यात बायकांच्या कुस्तीला बंदी होती. ती १९७२ मध्ये उठली, आणि १ जुलैला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिली कुस्ती मूलाचीच झाली. हे श्रेय तिचं आहे, ते नाकारू नये. तिच्यामुळे शेकडो गावांत बायकांच्या कुस्त्या चालू राहिल्या. पण मी गटांचं काम करते, वह्या तपासते, त्यामुळे मला राहवत नाही. सावकाराने पिळलेली बाई पुढे स्वतःच पैसे व्याजाने लावते आणि शेजारणीला पिळते, हे आपण पाहिलेलं आहे. बाई मालक झाली एवढ्यावर मी टाळ्या वाजवणार नाही. वही उघडी आहे का, सगळ्यांसमोर वाचली जाते का, ते आधी विचारीन.

१९८३-८४ च्या सुमारास मूलाने पट्ट्याचे हक्क विन्स मॅकमहन यांच्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन या कंपनीला विकून टाकले. म्हणजे बघा, जगज्जेतेपद विकत मिळालं! कंपनीने त्याबरोबर इतिहासही घेतला आणि आपल्या मनासारखा लिहिला. मूलाने सलग २८ वर्षं पट्टा राखला, असं कंपनी सांगते. प्रत्यक्षात मधल्या काळात ती काही वेळा हरली होती. १९६६ मध्ये बेट बूशेने तिला हरवलं, १९६८ मध्ये जपानमध्ये युकिको तोमोएने, १९७६ मध्ये स्यू ग्रीनने. पट्टा लवकरच परत मूलाकडे यायचा. या बायकांची नावं कंपनीच्या यादीत नाहीत. ज्याच्या हातात वही, त्याची नोंद.

२३ जुलै १९८४ रोजी मूलाच्याच शाळेत शिकलेल्या वेंडी रिक्टरने तिला हरवलं. वय बावीस. गायिका सिंडी लॉपर तिच्या बाजूला उभी, आणि ती लढत एमटीव्ही वाहिनीवरून देशभर दिसली. वेंडी रातोरात प्रसिद्ध झाली. तिच्या नावाने स्टेडियम भरू लागली. आणि तिने तो प्रश्न विचारला, जो अशा वेळी विचारायचा नसतो. पुरुष पैलवानांच्या मानाने मला पैसे इतके कमी का?

२५ नोव्हेंबर १९८५, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. वेंडीची कुस्ती ‘स्पायडर लेडी’ नावाच्या, चेहऱ्यावर बुरखा घातलेल्या बाईशी लागली होती. निकाल वेंडीला सांगितला होता तसा होणार होता. पण समोरचीने तिला गुंडाळून खांदे टेकवले, वेंडीने लगेच खांदा उचलला, तरी पंचाने घाईघाईने तीन मोजले आणि घंटा वाजली. वेंडीला कळेना काय झालं. तिने चवताळून समोरचीचा बुरखा ओढून काढला. आत मूला होती, बासष्ट वर्षांची.

नुरा कुस्तीत फसवणूक कशी होते त्याचा हा नमुना. ठरलेला निकाल एकीलाच वेगळा सांगितलेला. वेंडी कपडेही न बदलता तशीच बाहेर पडली, टॅक्सी धरून विमानतळावर गेली, आणि त्या कंपनीसाठी पुन्हा लढली नाही. ज्या बाईने तिला पहिला डाव शिकवला, त्याच बाईकडून मालकाने तिचा काटा काढला. पाव शतकानंतर, २०१० मध्ये, कंपनीने तिला बोलावून सन्मान केला.

पुढची वर्षं भराभर सांगते. १९८७ मध्ये शेरी मार्टेलकडे पट्टा गेला, १९९० मध्ये कंपनीने पट्टा गुंडाळून ठेवला, १९९३ मध्ये पुन्हा काढला आणि अलंड्रा ब्लेझला दिला. ही बाई जपानमध्ये लढून तयार झालेली. तिने बुल नाकानो या जपानी मल्लिणीशी केलेल्या लढती आजही लोक शोधून बघतात. १९९५ च्या शेवटी कंपनीने तिला करारातून मोकळं केलं, पण पट्टा तिच्याकडेच राहिला होता. डिसेंबरात ती विरोधी कंपनीच्या थेट कार्यक्रमात गेली आणि कॅमेऱ्यासमोर तो पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. कल्पना तिची नव्हती, नव्या मालकाची होती, असं ती सांगते. पण भोगलं तिने. वीस वर्षं जुन्या कंपनीची दारं तिला बंद होती. २०१५ मध्ये सन्मानासाठी बोलावलं तेव्हा व्यासपीठावर कचऱ्याचा डबा ठेवला होता, त्यातून तिने पट्टा बाहेर काढला. लोक हसले, टाळ्या पडल्या.

१९९८ ला पट्टा परत आला तो वाईट काळात. १९९९ च्या डिसेंबरात तो जिंकायची अट होती समोरचीच्या अंगावरचा झगा फाडून काढण्याची. २००० साली तर बाईचा वेश केलेल्या एका पुरुषाला विनोद म्हणून तो देऊन टाकला. हा त्या पट्ट्याचा सगळ्यांत खालचा दिवस असं मी म्हणेन. त्यातूनही ट्रिश स्ट्रेटस आणि लिटा यांच्यासारख्या जणी उभ्या राहिल्या. ६ डिसेंबर २००४ रोजी या दोघींची लढत सोमवारच्या मुख्य कार्यक्रमाची शेवटची, म्हणजे मानाची कुस्ती झाली. तरी २००८ मध्ये कंपनीने गुलाबी फुलपाखराची चकती असलेला दुसरा पट्टा काढला, आणि २०१० मध्ये १९५६ पासूनचा जुना किताब त्यात विलीन करून बंद केला.

२०१५ च्या फेब्रुवारीत टीव्हीवर चार जणींची एक कुस्ती अर्ध्या मिनिटात उरकली. तीन तासांच्या कार्यक्रमात बायकांच्या वाट्याला अर्धं मिनिट. बघणाऱ्यांनीच आरडाओरडा केला, हजारोंनी कंपनीला जाब विचारला. ३ एप्रिल २०१६ रोजी टेक्सासमध्ये फुलपाखरू गेलं आणि पुरुषांच्या पट्ट्यासारखाच दिसणारा नवा पट्टा आला, तो शार्लट फ्लेअरने जिंकला. २०१७ मध्ये मे यंगच्या नावाने कंपनीने स्पर्धा भरवली. ही तीच मे यंग, १९५४ ला बर्कबरोबर जपानला गेलेली. त्या स्पर्धेत हरियाणाची कविता दलाल सलवार-कमीज घालून लढली आणि तिचा तो व्हिडिओ आपल्याकडे घरोघरी पोहोचला. पुढच्या वर्षी मूलाच्या नावाने एक लढत जाहीर झाली, तेव्हा जुन्या आरोपांवरून इतका गदारोळ झाला की कंपनीला ते नाव काढावं लागलं. २०१९ मध्ये वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या जत्रेची शेवटची कुस्ती पहिल्यांदा बायकांची झाली, बेकी लिंच जिंकली. २०२१ मध्ये बियांका बेलएअर आणि साशा बँक्स या दोन काळ्या मुलींनी तशीच एका रात्रीची शेवटची लढत केली. एथेल जॉन्सनलाही त्याच वर्षी मरणोत्तर सन्मान मिळाला.

पैसे वाढले, मान वाढला, हे खरं. पण या कंपनीचे पैलवान, पुरुष काय आणि बायका काय, आजही नोकर म्हणून नोंदलेले नाहीत. कागदावर ते स्वतंत्र कंत्राटदार. त्यांची कामगार संघटना नाही. रिंगमधलं नाव बहुतेकांचं कंपनीच्या मालकीचं असतं. २०२२ च्या मे महिन्यात साशा बँक्स आणि तिची जोडीदार नेओमी यांचं कंपनीशी बिनसलं. दोघींनी आपले जोडीचे पट्टे एका अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवले आणि त्या निघून गेल्या. साशाला पट्ट्याबरोबर ‘साशा बँक्स’ हे नावही मागे ठेवावं लागलं. जानेवारी २०२३ मध्ये ती टोकियोत पुन्हा रिंगमध्ये उतरली तेव्हा नाव होतं मर्सिडीझ मोने. पहिला शब्द तिच्या आईबापांनी ठेवलेला, दुसरा तिने स्वतः निवडलेला. इंग्रजीत पैशाला जो शब्द आहे, त्याच्या अगदी शेजारचा.